आठवा हिस्सा आणि बाकीचे सगळे

जमिनीखाली गॅस सापडला की दोन आरोळ्या उठतात. जमीनमालक ओरडतो, मला रास्त भाव द्या. गाव ओरडतं, कुठं खोदायचं ते आम्ही ठरवणार. मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याबद्दल बोलतोय. तिथं गेली वीसेक वर्षं या दोन आरोळ्या एकमेकींवर आपटताहेत आणि कंपनी मधल्या मधे आपलं काम उरकून घेतेय. आपल्याकडची शहाणी माणसं यातली एक आरोळी उचलतात नि दुसरी सोडून देतात. पर्यावरणवाला म्हणतो, गावाला अधिकार द्या. बाजारवाला म्हणतो, मालकाला भाव द्या. तिसरा आवाज दोघांच्याही कानात शिरत नाही. ज्याच्या नावावर एक फूट जमीन नाही, त्याचा. तोही तिथंच राहतो, तेच पाणी पितो, टँकर धावतात त्याच रस्त्यावरनं पोरं शाळेत धाडतो. पट्ट्याच्या कागदावर त्याची सही कुणी मागत नाही. मला त्याच्या बाजूनं बोलायचंय. पण त्याआधी मालकाला कसं नागवतात ते बघू, कारण मालक नागवला जातो हेही खोटं नाही.

जगात बहुतेक ठिकाणी जमिनीच्या पोटातलं तेल नि गॅस सरकारच्या मालकीचं असतं. अमेरिकेत ते जमीनमालकाचं. शिवाय वरची जमीन ठेवून खालचं खनिज वेगळं विकता येतं. म्हणजे घर एकाचं, घराखालचा गॅस भलत्याच कुणाचा. आज्यानं पन्नास वर्षांपूर्वी खालचं विकून टाकलेलं असतं नि नातवाला कळतं ते अंगणात ड्रिलचा मनोरा उभा राहतो तेव्हा.

२००४ साली पेनसिल्व्हेनियाच्या वॉशिंग्टन कौंटीत एका कंपनीनं मार्सेलस नावाच्या शेल खडकात फ्रॅकिंग करून बघितलं. एक-दीड मैल खोलवरचा खडक पाणी, वाळू नि रसायनांच्या दाबानं फोडायचा नि त्यात अडकलेला गॅस वर काढायचा, असा हा प्रकार. गॅस आला. मग गावोगाव दलाल फिरू लागले. तिकडं त्यांना लँडमन म्हणतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायचा, गोड बोलायचं, सही घ्यायची. सुरुवातीला एकरी २५ डॉलरवर पट्टे झाले. २००८ उजाडेपर्यंत तोच आकडा हजारांत गेला होता. शेजारच्याच शेतात. पहिला शेतकरी मूर्ख नव्हता. कंपनीपाशी भूगर्भाचे नकाशे होते, वकील होते. त्याच्यापाशी कर्जात बुडालेली दुधाची डेअरी होती. अशा दोघांमधल्या कराराला कायदा 'स्वेच्छेने केलेला करार' म्हणतो. उपाशी माणसाच्या स्वेच्छेबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि पट्टा पाच वर्षांचा असं वाटत असलं तरी तो पाच वर्षांचा नसतो. मुदतीत विहीर पडली, गॅस निघू लागला, की गॅस निघतोय तोवर पट्टा चालू. एक सही तीन पिढ्यांना बांधून ठेवते.

आता हिशेबाची गंमत. पेनसिल्व्हेनियात १९७९ सालचा कायदा आहे. मालकाला निघालेल्या गॅसचा निदान आठवा हिस्सा रॉयल्टी म्हणून मिळालाच पाहिजे, नाहीतर पट्टा बेकायदा. वाचायला किती छान! पण आठवा हिस्सा कशाचा? शेतातून निघालेला गॅस गोळा करायचा, दाबायचा, पाइपातून बाजारापर्यंत न्यायचा. हा खर्च आधी वजा करायचा की नंतर? २०१० साली किल्मर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कायद्यात रॉयल्टीची व्याख्याच नाही, तेव्हा धंद्यात जो अर्थ रूढ आहे तोच धरायचा. म्हणजे खर्च आधी वजा. उरलेल्याचा आठवा हिस्सा. मग खर्चाचे आकडे फुगू लागले. काही ठिकाणी तर पाइपलाइन चालवणारी कंपनी गॅसवाल्यांच्याच गोतावळ्यातून निघालेली. काही मालकांच्या हाती चेक आले ते एका घरखर्चालाही पुरेनात.

लोक ओरडले. राज्याच्या अॅटर्नी जनरलनं २०१५च्या डिसेंबरात चेसापीक एनर्जी कंपनीवर ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखाली दावा लावला. पाच वर्षांहून जास्त घासाघीस. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा कायदा विकणाऱ्याच्या फसवणुकीपासून घेणाऱ्याला वाचवतो. इथं कंपनी काही विकत नाही, तीच घेतेय. तेव्हा कायदा लागू नाही. ऐकलंत? शेतकऱ्याला साबणाची वडी विकताना फसवलं तर गुन्हा. त्याच्या जमिनीखालचं सगळं घेताना फसवलं तर या कायद्यात जागा नाही. त्याच वर्षी तडजोड होऊन मालकांच्या वाट्याला ५३ लाख डॉलर आले. हजारो पट्टेदारांत वाटून बघा.

आणखी एक. १८८९ साली याच राज्यातल्या न्यायालयानं गॅसला रानातल्या जनावराची उपमा दिली होती. तुमच्या रानातून पळून माझ्या रानात आलं, मी धरलं, माझं झालं. कॅप्चरचा नियम. त्या काळात गॅस खरंच वाहत यायचा. शेलमधला गॅस खडकात कोंडलेला असतो, तो आपणहून कुठं जात नाही, खडक फोडल्याशिवाय हलत नाही. तरी जानेवारी २०२०मध्ये ब्रिग्ज खटल्यात तोच जुना नियम फ्रॅकिंगलाही लागू ठरला. शेजाऱ्याची विहीर तुमचा गॅस ओढत असली तर तेवढ्यानं दावा चालणार नाही. तुमच्या हद्दीत शिरून खडक फोडला हे सिद्ध करा. मैलभर खोल जाऊन सिद्ध कुणी करायचं? ज्याच्यापाशी यंत्रं आहेत त्यानंच.

एवढं सगळं मालकाच्या बाजूनं लिहिलं, कारण ते खरं आहे. पण मालकाची ही लढाई कागदात काय लिहायचं एवढ्यापुरती आहे. शंभर एकरवाल्याला चांगला वकील मिळाला, पाण्याची हमी मिळाली, खर्च वजा करायचा नाही असं कलम मिळालं. ठीक. त्याच्या बांधापलीकडं भाड्यानं राहणाऱ्या बाईला यातलं काय मिळालं? तिच्या नळाला तेच पाणी.

मग गावाकडं वळू.

फेब्रुवारी २०१२मध्ये गव्हर्नर टॉम कॉर्बेटनं एका कायद्यावर सही केली. अॅक्ट १३. त्यात राज्यानं सगळ्या गावांना सांगितलं, तुमचे झोनिंगचे नियम गुंडाळा. ड्रिलिंग सगळ्या विभागांत करू द्यायचं, राहत्या वस्तीतसुद्धा. विहीर नि घर यांत काही शे फुटांचं अंतर राखलं की झालं. ज्या गावात कोंबड्यांचं खुराडं बांधायला परवानगी लागते त्या गावात गॅसच्या विहिरीला नाही म्हणायची सोय नाही! वर लालूच. प्रत्येक विहिरीमागं 'इम्पॅक्ट फी' नावाची रक्कम कंपन्यांनी भरायची नि त्यातला वाटा गावांना. पण गावानं नियम राज्याच्या मनासारखे केले नाहीत तर हा पैसा बंद. तोंड मिटा, पाकीट घ्या.

या फीबद्दल थोडं. गॅस काढणाऱ्या मोठ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया एकटंच असं, की जिथं निघालेल्या गॅसवर कर नाही. फी आहे ती विहिरीच्या मोजणीवर. विहिरीचं वय नि गॅसचा बाजारभाव बघून ती ठरते. किती गॅस उपसला याच्याशी तिला देणंघेणं नाही. तरीही एवढ्या वर्षांत ही रक्कम दोन अब्ज डॉलरच्या वर गेली. रस्ते झाले, पोलिसांच्या गाड्या आल्या. गरीब टाउनशिपचं बजेटच या फीवर उभं राहिलं. ज्याच्या पैशावर ग्रामपंचायत चालते त्याला ती नाही म्हणेल का? तिथल्या बऱ्याच टाउनशिपांचा कारभार तीन किंवा पाच सुपरवायझर बघतात. त्यांतल्या एखाद्याच्याच शेतात पट्टा असला तर बैठकीत काय होत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

पण सगळी गावं गप्प बसली नाहीत. रॉबिन्सन टाउनशिप नि तिच्यासारख्या काही गावांनी राज्यालाच कोर्टात खेचलं. १९ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं झोनिंग मोडणारी कलमं रद्द केली. मुख्य निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश रोनाल्ड कॅस्टिल हे रिपब्लिकन. डावा वगैरे कुणी नव्हे. त्यांनी आधार घेतला राज्यघटनेतल्या १९७१ सालच्या दुरुस्तीचा. स्वच्छ हवा नि शुद्ध पाणी हा लोकांचा हक्क आहे, नैसर्गिक संपत्ती अजून न जन्मलेल्या पिढ्यांचीही आहे नि सरकार तिचं नुसतं विश्वस्त आहे, असं त्या कलमात आहे. चाळीस वर्षं ते शोभेचं म्हणून पडून होतं. या गावांनी ते कामाला लावलं. त्या कलमातला शब्द 'लोक' असा आहे. 'मालक' असा नाही. मला या सबंध भानगडीत आवडलेली गोष्ट एवढीच.

शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात ड्रायडन नि मिडलफील्ड या दोन छोट्या गावांनी २०११ साली झोनिंगच्या जोरावर ड्रिलिंग सरळ बंद केलं. ३० जून २०१४ला वरिष्ठ न्यायालयानं पाच विरुद्ध दोन असं गावांच्या बाजूनं ठरवलं. मिडलफील्डविरुद्ध कोर्टात गेलं कोण? पट्टा दिलेली एक जमीनमालक डेअरी. मालक एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, अगदी उघड. पुढं त्या डिसेंबरात राज्य सरकारनंच फ्रॅकिंगवर बंदी आणायचं जाहीर केलं. तिकडच्या शेतकऱ्यांचा राग मला कळतो. ओळीपलीकडचा पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी चेक घेतोय नि आपण बुडत्या डेअरीकडं बघत बसायचं. बंदीचं स्वागत करणारं न्यूयॉर्क शहर हिवाळ्यात ऊब घेतं ती बऱ्याच अंशी पेनसिल्व्हेनियाच्याच गॅसवर. घाण त्यांच्या दारात, ऊब आमच्या घरात. ही वाटणी आपल्याला चांगली ओळखीची आहे. पण या रागावर इलाज म्हणून शेजाऱ्याचं पाणी पणाला लावता येत नाही. शिवाय याच न्यूयॉर्कच्या कायद्यात अशी तरतूद आहे, की ठरवून दिलेल्या क्षेत्राच्या ६० टक्के जमिनीचे पट्टे कंपनीपाशी असले की उरलेल्या मालकांना, ते नको म्हणत असले तरी, त्यात ओढता येतं. तेव्हा मालकी हक्काच्या पावित्र्यावरची भाषणं कंपनीनं तरी देऊ नयेत.

टेक्सासमधल्या डेंटन शहराची गोष्ट याच्या उलट. नोव्हेंबर २०१४मध्ये लोकांनी मतदान करून शहरात फ्रॅकिंग बंद केलं. शंभरातल्या एकोणसाठांनी बंदीला मत दिलं. मे २०१५मध्ये राज्यानं कायदा करून शहरांचा हा अधिकारच काढून घेतला, नि जूनमध्ये शहराला आपली बंदी मागं घ्यावी लागली. गॅसवर मालकी सांगणारे पुष्कळजण त्या शहरात राहतसुद्धा नव्हते. ज्यांना वास येत होता त्यांनी मत दिलं, ज्यांना पैसा येत होता त्यांचं चाललं.

आता मूळ माणसाकडं येतो.

पेनसिल्व्हेनियातच, सस्क्वेहाना नदीकाठी जर्सी शोअरजवळ रिव्हरडेल नावाचा ट्रेलर पार्क होता. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. घर राहणाऱ्याचं, खालची जागा मालकाची, तिचं महिन्याला भाडं. २०१२ साली जागा विकली गेली. घेणाऱ्यांना तिथून नदीचं पाणी उपसून फ्रॅकिंगला द्यायचं होतं. विक्री कायदेशीर. मालकाला भाव मिळाला. पाणी उपसायला नदी आयोगाची मंजुरी. सगळं रीतसर. फक्त तिथं तीसेक कुटुंबं राहत होती. त्यांना सांगण्यात आलं, निघा. लवकर निघाल तर २५०० डॉलर, उशीर केलात तर कमी. नाव 'मोबाइल होम', पण वीस-तीस वर्षं एका जागी बसलेलं घर हलत नाही, हलवायचं तर याहून कितीतरी जास्त पैसे लागतात. जूनमध्ये काही कुटुंबांनी नि त्यांच्या सोबत्यांनी वाट अडवून धरली. दोन आठवडेही तग धरता आला नाही. वस्ती उठली. त्याच वर्षी राज्यानं असे पार्क बंद करताना मुदत नि हलण्याचा खर्च द्यायचा कायदा केला, तो पुढच्यांसाठी.

रास्त भाव म्हणणाऱ्यांनो, इथं अन्याय कुठल्या खान्यात लिहाल? भाव रास्तच होता. करार दोन राजीखुशीच्या पक्षांत झाला. जी माणसं उठली ती त्या करारात पक्षच नव्हती. भाव कितीही वाढवा, भाडेकरूच्या हातात त्यातला एक सेंट येत नाही. उलट ड्रिलिंगवाले बाहेरून आले की खोल्यांचं भाडं चढतं नि तो आहे तिथूनही उठतो. त्याच्यापाशी फक्त एक गोष्ट असते. टाउनशिपच्या निवडणुकीतलं मत. शंभर एकरवाल्याचं एक, त्याचंही एक. म्हणून मी गावाच्या अधिकाराच्या बाजूनं. झाडं-नद्यांच्या प्रेमापोटी नव्हे; ते असेल नसेल. जिथं त्याची मोजणी होते अशी जागा एवढीच, म्हणून.

इथं आपलीच पोरं मला अडवतील. गाव? गावाच्या अधिकाराची बाजू तू घेतोस? बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबईच्या कौन्सिलात ग्रामपंचायत बिलावर काय भूमिका घेतली, ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत खेड्याचं कसं वाभाडं काढलं, ते विसरलास का? विसरलो नाही. अमेरिकेतलं गावही सोवळंच आहे. ज्या झोनिंगचं कौतुक मी वर केलं त्याच झोनिंगनं लुइव्हिल शहरात १९१४ साली काळ्यांनी कुठल्या गल्लीत राहायचं ते ठरवलं होतं. १९१७मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मोडलं, तर मग मोठ्या प्लॉटची अट घाला, स्वस्त घरं नको म्हणा, ट्रेलर नको म्हणा, अशा पळवाटा निघाल्या. रिव्हरडेलसारख्या लोकांना दुसरीकडं ट्रेलर लावायला जागा मिळत नाही त्याचं एक कारण हेच झोनिंग. तेव्हा गावाच्या हातात सत्ता द्या नि निवांत झोपा, असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांचं भांडणही पंचायत हवी की नको एवढ्यावर नव्हतं. तिच्यात दुबळ्याची जागा पक्की केल्याशिवाय ती आमच्या गळ्यात मारू नका, असं होतं. तेच इथं लावा. गावाला विहीर नाकारायचा अधिकार हवा. गावाला माणूस नाकारायचा अधिकार नको. पहिला राज्यानं काढून घेता कामा नये, दुसरा राज्यानं काढून घेतलाच पाहिजे. दोन्हींना एकाच 'स्थानिक स्वराज्य' नावाच्या पोत्यात कोंबणारे लोक हुशार असतात, त्यांच्यापासून जपून.

आणि मागण्या करायच्याच तर अशा करा. पट्ट्यातले भाव, कलमं, वजावटीचे आकडे गावच्या दप्तरात उघडे ठेवा. दलालाची ताकद निम्मी तिथंच जाते. ज्या सुपरवायझरच्या शेतात पट्टा आहे त्यानं त्या विषयावर मत देऊ नये. विहिरीची परवानगी निघायच्या आधी आसपासचं पाणी कंपनीच्या खर्चानं, पण दुसऱ्याकडून तपासून घ्यावं, भाडेकरूच्या नळाचंसुद्धा. डिमॉक गावात २००९च्या पहिल्याच दिवशी एक पाण्याची विहीर उडाली तेव्हापासून पाणी बिघडल्याची ओरड होती. कंपनीनं कोर्टात आरोपांना आव्हान न देता पाइपलाइनसाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं ते नोव्हेंबर २०२२मध्ये. तेरा वर्षं लोकांनी बाटल्यांवर नि टाक्यांवर काढली. भाड्यानं राहणारा तेरा वर्षं थांबत नाही, तो केव्हाच उठून गेलेला असतो, नि भरपाईच्या यादीत त्याचं नाव येत नाही. ते यायला पाहिजे.

आपल्या बाजूला हे सगळं नाही, आपल्याकडं खालचा गॅस शेतकऱ्याचा नसतोच, असं म्हणून सुटता येणार नाही. मुंबई हायचा गॅस उरणला उतरतो नि पाइपातून पुढं जातो. पाइप शेतातूनच जातो. त्यासाठी १९६२ सालचा केंद्राचा कायदा आहे. जमीन तुमचीच राहते, सरकार फक्त 'वापरण्याचा हक्क' घेतं. मग त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के, शिवाय झालेल्या नुकसानीचे पैसे. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. हरकत कुणी घ्यायची? ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यानं. त्या शेतात वर्षानुवर्षं मजुरी करणाऱ्या बाईचा, पाइपाशेजारी झोपडी असलेल्या माणसाचा हितसंबंध कायदा मोजत नाही. पुढच्या वेळी अशी नोटीस एखाद्या गावच्या चावडीवर लागली, की ग्रामसभेत आधी हे विचारा, की सातबारा नसलेल्यांची हरकत कोण लिहून घेणार. २१ दिवस फार नसतात.